पन्नास टक्के कशाचे? डेटावापराचे मेसेज लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मोबाइल नेटवर्क कंपन्यांमध्ये ग्राहकांसाठी डेटावापराच्या सूचना लिहिणारे, मंजूर करणारे आणि पाठवणारे सर्व अधिकारी यांस,

सादर नमस्कार.

मी मुद्रितशोधनाचे काम करते. लेखकाला काय म्हणायचे आहे हे त्याला ठाऊक असते, पण छापलेले वाक्य वाचकाला तेच सांगते का, हे पाहायला दुसऱ्या कुणाचे तरी डोळे लागतात; गेली पंचवीस वर्षे मी ते काम करत आले आहे. त्या सवयीमुळे असेल, पण आपल्याकडून फोनवर येणारा मेसेज मला न वाचता पुसून टाकता येत नाही. आपला मेसेज दीड-दोन ओळींचा असतो. पण एखाद्या पुस्तकाला वर्षभरात मिळणार नाहीत इतके वाचक त्याला एका दिवसात मिळतात, आणि त्यांतले बरेचजण तो वाचून लगेच काहीतरी करतात: नेट बंद करतात, घाईने रिचार्ज करतात, घरातल्या मुलांना रागावतात, नाहीतर नुसतेच घाबरतात. म्हणून त्या दीड ओळीविषयी हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. एके दिवशी सकाळी तिच्या फोनवर मेसेज आला: ‘प्रिय ग्राहक, आपण आपल्या डेटा मर्यादेच्या ५०% डेटाचा वापर केला आहे.’ तिने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारले, ‘पन्नास टक्के कशाचे?’ मी कामाच्या गडबडीत होते. ‘अजून अर्धे शिल्लक आहे, काळजी करू नकोस,’ असे म्हणून मी मोकळी झाले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मेसेजनेही दिले नव्हते आणि मीही दिले नाही. संध्याकाळी ती माझ्या मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलत असताना मावशीचा चेहरा पडद्यावर गोठला आणि कॉल तुटला. पंधरा-वीस मिनिटांनी दोन मेसेज लागोपाठ आले. पहिल्यात १०० टक्के वापर झाल्याचे लिहिले होते आणि दुसऱ्यात ९० टक्के. आईने ते ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने वाचले आणि आपला दहा टक्के डेटा कंपनीने परत दिला, असा त्याचा अर्थ लावला. वाक्ये जशी होती, त्यावरून हा अर्थ चूक म्हणता येणार नाही.

पुढचे अधिक वाईट झाले. मर्यादा संपल्यावर वापर केला तर पैसे कापले जातील, असे तिला वाटले आणि तिने मोबाइल डेटा बंद करून ठेवला, कुणालाही न सांगता. तिच्या पॅकमध्ये दिवसाचा डेटा संपल्यावर फक्त वेग कमी होत होता. एक पैसाही जाणार नव्हता. दोन दिवस तिचा फोन नेटशिवाय राहिला. डॉक्टरांच्या भेटीची वेळ बदलल्याचा निरोप त्याच दोन दिवसांत नेटवरून आला होता, तो तिला मिळाला नाही. ती जुन्या वेळी गेली, बंद दारापाशी थांबली आणि परत आली. या कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही. त्यानंतरच्या काही आठवड्यांत नातेवाईक आणि शेजारी यांच्या फोनवरचे वेगवेगळ्या नेटवर्कचे असे मेसेज मी मुद्दाम मागून वाचले, आणि मला जवळजवळ सगळ्यांत तोच दोष दिसला.

दोष असा की टक्का हा नेहमी कशाचा तरी असतो. टक्केवारी हा अपूर्णांक आहे, आणि छेद न सांगितलेला अपूर्णांक ही माहिती होत नाही. एकाच ग्राहकाकडे एका वेळी तीन वेगवेगळे साठे असू शकतात: दिवसाला ठरलेला डेटा, पूर्ण मुदतीसाठी मिळालेला एकत्रित डेटा, आणि वरून घेतलेला जादा पॅक. यांतला कोणता आधी खर्च होतो याचा नियम आपल्या यंत्रणेत नक्की असतो, पण मेसेज ज्या साठ्याबद्दल बोलतो त्याचे नाव मेसेजमध्ये नसते. दिवसाच्या डेटापैकी नव्वद टक्के संध्याकाळी संपले तर मध्यरात्रीपर्यंत जरा जपून वापरले की झाले. महिन्याच्या डेटापैकी नव्वद टक्के दहाव्या दिवशी संपले तर प्रश्न गंभीर असतो. दोन्ही प्रसंगी मेसेज मात्र अक्षरशः एकच येतो. काही पॅकमध्ये ठराविक ॲपचा वापर मोजणीत धरलाच जात नाही, आणि त्याचा तर उल्लेखही नसतो.

साठ्याचे नाव सांगितले तरी टक्केवारी अपुरी पडते, कारण तिच्यातून वेळ कळत नाही. हे थोडे हिशेबाने सांगते. समजा दिवसाचा डेटा १ जीबी आहे आणि ९० टक्क्यांचा मेसेज आला. म्हणजे १०० एमबी उरले. नेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि डेटा मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. तेव्हा १०० एमबी म्हणजे ८०० मेगाबिट. फोनवर एखादी मोठी फाइल ५० मेगाबिट प्रति सेकंद वेगाने उतरत असेल तर हा साठा १६ सेकंदांत संपतो. मेसेजची घंटी वाजून फोन हातात घेईपर्यंत सगळे संपलेले असते. तोच ग्राहक ५ मेगाबिटने चालणारा व्हिडिओ पाहत असेल तर त्याला २ मिनिटे ४० सेकंद मिळतात. नेटवरून फक्त आवाजाचा कॉल चालू असेल आणि दोन्ही बाजू मिळून १०० किलोबिटच्या आसपास वापर होत असेल, तर तेच १०० एमबी दोन तासांहून अधिक पुरतात. नुसते लिखित निरोप पाठवणाऱ्याला ते कित्येक दिवस पुरतील. नेट हळू होते तेव्हा ‘नव्वद टक्के’ म्हणजे सावध होण्याची वेळ होती. वेग वाढत गेले, पण सूचनेचे टप्पे तसेच राहिले, आणि आता बऱ्याच प्रसंगी ही सूचना काम संपल्यानंतरच पोचते.

यावर उपाय आपल्याच हातात आहे, कारण ग्राहकाचा वापर किती वेगाने होतो आहे हे आपल्या यंत्रणेला दिसते. गेल्या तासाभरात ज्याने अर्धा साठा संपवला त्याला ‘या गतीने आणखी तासाभरात डेटा संपेल’ असे सांगता येते. ज्याचा वापर संथ आहे त्याला नव्वद टक्क्यांवर मेसेज पाठवला नाही तरी चालेल. दोघांना एकाच टप्प्यावर एकच वाक्य पाठवणे यंत्रणेला सोयीचे असते, पण त्यातून एकाला उशीर होतो आणि दुसऱ्याला विनाकारण धास्ती बसते.

आता मेसेज उशिरा का येतात आणि उलट्या क्रमाने का येतात, याबद्दल. हे मी समजून घेतले, आणि सामान्य ग्राहकालाही ते समजावे असे मला वाटते, कारण कारण कळले की संशय कमी होतो. ग्राहकाचा प्रत्येक बाइट नेटवर्कच्या एका दारातून इंटरनेटकडे जातो आणि तिथेच त्याची मोजणी होते. पण शिल्लक किती, याचा हिशेब दुसऱ्याच यंत्रणेकडे असतो. प्रत्येक बाइटमागे त्या यंत्रणेला विचारत बसणे शक्य नसल्यामुळे ती दाराला डेटाचा एक छोटा वाटा आगाऊ मंजूर करते. तो वाटा संपला, त्याची मुदत संपली किंवा जोडणी तुटली, की दार झालेला वापर कळवते आणि पुढचा वाटा मागते. ‘डायमीटर’ नावाच्या नियमावलीतील ‘क्रेडिट कंट्रोल’ची ही पद्धत २००५ साली प्रसिद्ध झाली आणि २०१९ साली तिची सुधारित आवृत्ती आली. तेव्हा शिल्लक सांगणारी यंत्रणा नेहमी थोडी मागे असते. मागे किती, हे वाट्याच्या आकारावर ठरते. त्यानंतर मेसेज पाठवण्याची यंत्रणा वेगळी, तिची रांग वेगळी. आणि फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर मेसेज वाट पाहत थांबतो. पन्नास, नव्वद आणि शंभर अशा तिन्ही सूचना रांगेत साचून एकदम किंवा उलटसुलट पोचण्याचे कारण हेच असते. आईच्या फोनवर बहुधा असेच झाले असावे.

यात कुणाची लबाडी नाही. पण मेसेजमध्ये मोजणीची वेळ लिहिलेली नसते, त्यामुळे वाचणारा तो ‘आत्ताचा’ समजतो. बँकेच्या मेसेजमध्ये व्यवहाराची तारीख असते, वीजबिलावर मीटर वाचल्याचा दिवस असतो. आपल्या सूचनेवर मात्र ती कोणत्या क्षणाचे चित्र दाखवते आहे हे नसते. ‘मोजणी सायंकाळी ६:१०’ एवढे लिहिले असते तर आईला नव्वद टक्क्यांचा मेसेज जुना असल्याचे लगेच कळले असते. शिवाय शंभर टक्क्यांची नोंद झाल्यावर आधीची, अजून न पोचलेली सूचना रांगेतून काढून टाकणेही अवघड नसावे. एसएमएसला वैधतेची मुदत देण्याची सोय मूळ व्यवस्थेतच आहे. नव्वद टक्क्यांच्या सूचनेला अर्ध्या तासाची मुदत दिली तर ती शिळी होऊन कुणाच्या हातात पडणार नाही.

फोनवरचा आकडा आणि आपला आकडा जुळत नाही, ही तक्रार मी सगळ्यांत जास्त ऐकली आहे. ‘फोन म्हणतो इतके वापरलेच नाही, आणि कंपनी म्हणते संपले, म्हणजे मध्ये कुणीतरी खाल्ले,’ असे लोक सरळ बोलून दाखवतात. वस्तुस्थिती बहुतेक वेळा साधी असते. पहिले कारण मापाचे. एक जीबी म्हणजे दशमान पद्धतीने शंभर कोटी बाइट, पण १०२४ च्या पटीत मोजले तर तो आकडा १०७ कोटींच्या पुढे जातो. फरक सात टक्क्यांहून थोडा अधिक. या गोंधळावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ साली दुसऱ्या पद्धतीसाठी ‘गिबिबाइट’ अशी वेगळी नावे ठरवली, पण ती रोजच्या बोलण्यात आलीच नाहीत. परिणामी नेटवर्कने दशमान १ जीबी संपल्याचे सांगितले, तर १०२४ ने मोजणारे उपकरण तोच वापर ०.९३ दाखवते. वापर तोच असतो, पण आकडे दोन दिसतात. आपल्या पॅकमधला ‘जीबी’ कोणता, हे अटींच्या कागदात कुठेतरी लिहिलेलेही असेल. ते ग्राहकाच्या नजरेसमोर असायला हवे.

दुसरे कारण मोजणीच्या जागेचे. आपण आपल्या दारावर मोजता आणि फोन स्वतःच्या उंबरठ्यावर. दारातून निघालेली डेटाची काही पाकिटे, म्हणजे छोटे तुकडे, कमजोर रेंजमुळे वाटेत हरवतात आणि पुन्हा पाठवली जातात. दारावर ती दोनदा मोजली जातात, फोनपर्यंत एकदाच पोचतात. त्याशिवाय प्रत्येक जोडणीचा वापर ठराविक मापापर्यंत वर ओढून पूर्ण करण्याची रीत काही पॅकमध्ये असते, आणि दिवसभर तुटत-जुळत राहणाऱ्या जोडण्यांमध्ये ती भर साचत जाते. तिसरे कारण तारखेचे. अँड्रॉइड फोनमधला मोजणीचा महिना ज्या तारखेला सुरू होतो ती तारीख ग्राहकाला स्वतः बदलावी लागते, आणि आयफोनमधला आकडा तर ग्राहकाने शून्यावर आणेपर्यंत वाढतच राहतो. पॅक मात्र ज्या दिवशी रिचार्ज केले त्या दिवसापासून चालतो. दोन वेगवेगळ्या दिवशी सुरू झालेले हिशेब जुळणार कसे? फोनच्या सेटिंगमध्येही कंपनीची मोजणी वेगळी असू शकते असा इशारा असतो. तोच खुलासा आपल्याकडून एकदा, साध्या शब्दांत, पॅक सुरू होताना मिळाला तर पुढची कितीतरी भांडणे टळतील.

सगळा फरक मोजणीचाच असतो असेही मी म्हणत नाही. कितीतरी वापर ग्राहकाच्या नकळत होतो, आणि सूचना आल्यावर त्याला पहिला धक्का बसतो तो ‘मी तर काहीच पाहिले नाही’ हा. फोटोंच्या प्रती आपोआप साठवल्या जातात. ॲपची नवी आवृत्ती मागे उतरत असते. बोट सरकवताना व्हिडिओ आपोआप सुरू होतात. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला की लॅपटॉप त्याला वाय-फाय समजतो आणि आपली मोठाली अपडेट खुशाल उतरवू लागतो. आयफोनमध्ये २०१५ पासून अशी सोय आहे की वाय-फाय कमजोर झाले की फोन मोबाइल डेटाकडे वळतो. घरच्या वाय-फायवर आहोत असे समजून पाहिलेला चित्रपट अशा वेळी पॅकमधून जाऊ शकतो. या गोष्टी आपल्या ताब्यात नाहीत, हे मला मान्य आहे. पण पन्नास टक्क्यांची सूचना पहाटे चार वाजता निघाली, तर ग्राहक झोपलेला असताना फोन काहीतरी करतो आहे हे आपल्याला दिसत असते. ‘गेल्या तासात ४०० एमबी वापर झाला’ एवढे एक वाक्य त्याला सकाळी योग्य जागी शोध घ्यायला लावेल. तो कशावर खर्च झाला हे आपण सांगू नये, आणि पाहूही नये. किती आणि केव्हा, एवढे पुरे आहे.

शंभर टक्क्यांनंतर काय होते, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण भीती तिथे जन्मते. तीनच शक्यता असतात: नेट बंद पडेल, नेट हळू चालेल, किंवा वापराचे जादा पैसे लागतील. ग्राहकाच्या दृष्टीने या तिन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तरी मी वाचलेल्या बहुतेक मेसेजमध्ये त्यातली कोणती लागू आहे हे सांगितलेले नव्हते. कुठे ‘अखंड सेवेसाठी त्वरित रिचार्ज करा’ असे होते. यावरून सेवा बंद होणार की नाही? ‘अखंड’ हा शब्द घालून ते वाक्य लिहिणाऱ्याने ग्राहकाला काहीच न सांगता घाबरवण्याचे काम मात्र केले. जिथे वेग कमी होतो तिथेही ‘कमी वेग’ म्हणजे किती हे कळायला हवे. वेग ६४ किलोबिटवर आणला तर १ एमबी उतरायला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि ३ एमबीचा एक फोटो सहा मिनिटांहून जास्त वेळ घेतो. लिखित निरोप जातील, पत्ता शोधणारा नकाशा अडखळत उघडेल, व्हिडिओ कॉल होणार नाही. ‘निरोप चालतील, व्हिडिओ चालणार नाही’ हे पाच शब्द ‘६४ केबीपीएस’पेक्षा आईला कितीतरी जास्त सांगून जातील.

पैशांची सूचना नीट देता येते, याची उदाहरणे जुनी आहेत. परदेशात फोन वापरल्यावर येणाऱ्या अवाढव्य बिलांमुळे युरोपीय संघाने १ जुलै २०१० पासून असा नियम लागू केला की ग्राहकाने स्वतः दुसरी मर्यादा निवडली नसेल तर परदेशातील डेटावापरावर कर सोडून महिन्याला ५० युरोंची मर्यादा आपोआप असावी, तिच्या ८० टक्क्यांवर सूचना जावी, आणि मर्यादा गाठल्यावर ग्राहकाने पुढे चालू ठेवा असे सांगितल्याशिवाय डेटा थांबवावा. अमेरिकेत मोबाइल कंपन्यांच्या सीटीआयए या संघटनेने ऑक्टोबर २०११ मध्ये मर्यादेजवळ येताना आणि ती ओलांडल्यावर विनामूल्य सूचना देण्याचे मान्य केले आणि त्यासाठी एप्रिल २०१३ ची मुदत ठरवली. युरोपच्या नियमात मला आवडते ते हे, की तिथे ८० टक्क्यांना छेद आहे. ऐंशी टक्के कशाचे, तर ग्राहकाला माहीत असलेल्या एका ठोस रकमेचे. आणि मर्यादेनंतर काय होणार, हेही आधीच ठरलेले आहे. त्या दोन गोष्टी रोजच्या साध्या पॅकच्या सूचनेत आणायला कोणत्याही नियमाची वाट पाहावी लागत नाही.

‘एसएमएसमध्ये जागा पुरत नाही’ हे उत्तर मला मिळेल, हे मी गृहीत धरले आहे, आणि माझ्या व्यवसायामुळे त्यावर थोडे अधिकाराने बोलू शकते. रोमन लिपीतल्या एसएमएसला १६० जागा मिळतात आणि देवनागरीला ७०. लांब मेसेज तुकड्यांत पाठवला की जोडणीची माहिती ठेवण्यासाठी देवनागरीच्या प्रत्येक तुकड्यात ६७ जागा उरतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त चिन्ह यांना प्रत्येकी स्वतंत्र जागा लागते. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एक अक्षर, पण एसएमएसच्या हिशेबात सहा जागा. म्हणून शब्द जपून वापरले पाहिजेत, हे खरे. पण मग पहिल्या तुकड्यातल्या मोलाच्या जागा ‘प्रिय ग्राहक, आपण आपल्या डेटा मर्यादेच्या’ यावर का घालवायच्या? मी एक मसुदा करून पाहिला: ‘आजच्या १ जीबीतले १०० एमबी उरले (मोजणी सकाळी १०:४०). संपल्यावर नेट हळू चालेल, जादा पैसे लागणार नाहीत. नवा डेटा रात्री १२ वाजता.’ या मसुद्याला १२६ जागा लागतात, म्हणजे दोन तुकड्यांत तो सहज मावतो. साठा कोणता, उरले किती, मोजले केव्हा, पुढे काय, परत केव्हा, ही पाचही उत्तरे त्यात आहेत. ‘वापर केला’ऐवजी ‘उरले’ हा शब्द मी मुद्दाम घेतला, कारण खर्च झालेल्याचे करायचे काही नसते. उरलेल्याचे नियोजन करता येते.

भाषेबद्दल आणखी एक. मराठी मेसेज मागितला तरी बऱ्याचदा इंग्रजी वाक्याचे यांत्रिक भाषांतर येते, किंवा मराठी शब्द रोमन लिपीत लिहून येतात. ‘तुमचा डेटा फायदा संपुष्टात आला आहे’ असे वाक्य मी वाचले आहे. त्यातला ‘फायदा’ मराठीत त्या अर्थाने कुणीही वापरत नाही. लोक ‘नेट संपलं’ म्हणतात. घरात बोलतात ते शब्द लिहायला संकोच वाटू नये.

सूचनेत जाहिरात नसावी, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. डेटा संपत आल्याचे सांगणाऱ्या मेसेजमध्येच नव्या पॅकची ऑफर जोडली, की सूचना खरी आहे की विकण्यासाठी आहे असा संशय येतो, आणि पुढच्या वेळी खरी सूचनाही कुणी वाचत नाही. त्याहून मोठा धोका लिंकचा आहे. ‘डेटा संपला, इथे दाबून रिचार्ज करा’ असे खोटे मेसेज पाठवून लोकांना फसवले जाते, आणि एसएमएसवर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव बनावट असू शकते. आपण स्वतः सूचनेत लिंक पाठवत राहिलात तर अशा लिंकवर दाबायची सवय आपणच ग्राहकाला लावता. सूचनेत लिंक अजिबात नको. शिल्लक तपासायला आपले ॲप आहे, फोनवरून फिरवायचा कोड आहे. तो कोड मेसेजमध्ये द्यावा आणि तो नेहमी एकच असावा.

एकाच पॅकमध्ये घरातल्या चार जणांचे फोन असतात तेव्हा सूचना फक्त मुख्य क्रमांकावर जाते, आणि डेटा संपवणाऱ्याला काहीच कळत नाही; ती दोघांनाही जावी. दोन सिमच्या फोनवर सूचना कोणत्या क्रमांकाची आहे हे शेवटच्या चार आकड्यांनी सांगावे. परदेशातील वापराच्या सूचनेत तर मोजणीची वेळ असायलाच हवी, कारण तिथल्या नेटवर्ककडून येणाऱ्या नोंदींना काही तास लागू शकतात आणि तेवढ्या वेळात आकडा बराच पुढे गेलेला असतो.

माझी विनंती छोटी आहे. पुढच्या वेळी सूचनेचा नमुना मंजूर करण्यापूर्वी तो आपल्या विभागाबाहेरच्या, शक्यतो वयाने मोठ्या, एका व्यक्तीच्या हातात द्यावा आणि तिला फक्त एवढे विचारावे: किती उरले, कधीपर्यंत पुरवायचे आहे, आणि संपल्यावर काय होईल? मेसेजवर बोट ठेवून तिला तिन्ही उत्तरे देता आली नाहीत, तर तो नमुना परत लिहिणाऱ्याकडे पाठवावा. छापखान्यात आम्ही हेच करतो, आणि कितीही नावाजलेल्या लेखकाचा मजकूर असला तरी करतो.

आईने आता पुन्हा नेट सुरू केले आहे, पण संध्याकाळी मावशीचा कॉल लावण्याआधी ती अजूनही मला विचारते, ‘आज पुरेल ना?’ मी तिच्या फोनवर कोड फिरवून शिल्लक पाहते आणि सांगते. हे तिला आपल्या मेसेजमधून स्वतः वाचता यावे, अशी माझी इच्छा आहे. आपल्या सूचनांचे मराठी मसुदे तपासून द्यायला मी तयार आहे. त्याचा मोबदला मला नको.

कळावे.

आपली नम्र,
एक मुद्रितशोधक आणि ग्राहक